न्यूझीलंडमध्ये घर बदलताना जुना बॉन्ड नव्या घरावर कसा वळता करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑकलंडमध्ये नवरा-बायको आणि त्यांचा एक मित्र आठवड्याला ६३० डॉलर भाड्याच्या घरात राहतात. अ‍ॅग्रीमेंटवर तिघांचीही नावं आहेत. बॉन्ड (म्हणजे डिपॉझिट) २,५२० डॉलर, प्रत्येकाने ८४० भरलेले. आता जोडप्याने ६९० डॉलरचं दुसरं घर ठरवलंय आणि मित्र वेगळीकडे जातोय. नव्या घराची एजंट किल्ल्या देण्याआधी २,७६० डॉलर बॉन्ड मागतेय. जुन्या बॉन्डमधले आपले १,६८० तिकडेच वळते होतील का, की सगळी रक्कम नव्याने उभी करायची?

वळते होतात. तशी सोय आहे आणि त्यासाठी टेनन्सी सर्व्हिसेस या सरकारी सेवेचा वेगळा फॉर्मही आहे. पण हा काही एका बँक खात्यातून दुसऱ्यात पैसे टाकण्यासारखा प्रकार नाही. बॉन्ड ट्रान्सफरच्या फॉर्मवर जुना घरमालक सही करतो, तेव्हा तो ‘या पैशांवर माझा आता काही दावा नाही’ असं लिहून देत असतो. ती सही मिळण्यातच सगळं अडतं. बाकीचं काम कारकुनी आहे. त्यामुळे फॉर्म डाउनलोड करण्याआधी जुना मालक सही कधी देईल आणि का देणार नाही, याचा विचार करा.

पुण्या-मुंबईहून आलेल्यांच्या डोक्यात डिपॉझिट म्हणजे मालकाच्या खिशात गेलेले पैसे असं बसलेलं असतं. इथे तसं नाही. कायद्याने (रेसिडेन्शियल टेनन्सीज अ‍ॅक्ट, १९८६) मालकाला जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याइतका बॉन्ड घेता येतो, त्याची पावती द्यावी लागते आणि पैसे मिळाल्यापासून कामकाजाच्या २३ दिवसांत ते टेनन्सी सर्व्हिसेसकडे जमा करावे लागतात. पैसे तिथे पडून राहतात, भाडेकरूला व्याज मिळत नाही. जमा झाल्यावर दोन्ही बाजूंना बॉन्ड नंबर कळवला जातो. हा नंबर आत्ताच ई-मेलमध्ये शोधून ठेवा. तो सापडत नसेल तर बॉन्ड खरोखर जमा झालाय का, हे टेनन्सी सर्व्हिसेसला फोन करून विचारा. जो बॉन्ड त्यांच्याकडे नाही तो वळवता येत नाही.

हे ‘त्यांच्याकडे नाही’ प्रकरण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. नवीन आलेले विद्यार्थी आणि एकटे नोकरदार बऱ्याचदा आधीच राहत असलेल्या कुणाकडे खोली घेतात आणि त्या मूळ भाडेकरूला ‘बॉन्ड’ देतात. घरमालकाच्या अ‍ॅग्रीमेंटवर त्यांचं नाव नसतं. अशा फ्लॅटमेटला हा कायदा लागू होत नाही. त्याचे पैसे म्हणजे दोघांमधला खाजगी व्यवहार, ते परत मिळवायचे तर त्या माणसाशीच बोलावं लागतं. बोर्डिंग हाउसमध्ये (जिथे एकेक खोली वेगवेगळ्या माणसांना भाड्याने दिलेली असते) एका आठवड्याच्या भाड्यापर्यंतचा बॉन्ड असेल तर तो जमा करण्याचं बंधन मालकावर नसतं, म्हणजे तिथेही वळवायला काही नाही.

आता तुमचा हिशेब मांडू. नवा बॉन्ड २,७६०. त्यातले १,६८० जुन्या घरातून आले तर वरचे १,०८० तुम्ही द्यायचे. शिवाय आगाऊ भाडं जास्तीत जास्त दोन आठवड्यांचं मागता येतं, ते १,३८०. म्हणजे हातात २,४६० डॉलर हवेत. बॉन्ड वळता न करता सगळं नव्याने भरायचं तर ४,१४० लागतील. फरक १,६८० चा, आणि तोही तात्पुरता, कारण जुने पैसे काही दिवसांनी परत येणारच असतात.

म्हणूनच स्पष्ट सांगायचं तर, तीन-चार आठवड्यांसाठी १,६८० डॉलरची सोय होत असेल तर ट्रान्सफरच्या भानगडीत पडू नका. नव्या घराचा बॉन्ड पूर्ण भरा आणि जुन्याचा रिफंड घ्या. रिफंडला फक्त जुन्या घराचा मालक आणि तिथले भाडेकरू यांच्या सह्या लागतात. ट्रान्सफरला जुना मालक, नवा मालक आणि जुन्या-नव्या दोन्ही घरांचे सगळे भाडेकरू एका कागदावर आणावे लागतात. आणि नव्या मालकाने ट्रान्सफर स्वीकारलाच पाहिजे असं बंधन नाही. भाड्याच्या घरांसाठी रांग लागलेली असताना ‘बॉन्ड नंतर येईल’ म्हणणाऱ्यापेक्षा आज पैसे देणाऱ्याला एजंट आधी घर देईल, हे गृहीत धरून चाला. पैशांची सोय होतच नसेल तर मात्र ट्रान्सफर हा चांगला मार्ग आहे, आणि नीट आखला तर जमतो.

अडचण वेळेची असते. नवी एजंट म्हणते, बॉन्ड आल्याशिवाय किल्ल्या नाहीत. जुना मालक म्हणतो, घर रिकामं बघितल्याशिवाय सही नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. सामान हलवायला नवं घर हवं आणि नव्या घरासाठी जुनं रिकामं हवं, असा तिढा होतो. तो सोडवायचे व्यवहारात तीन मार्ग आहेत.

पहिला, आगाऊ इन्स्पेक्शन. निघण्याच्या आठवडा-दहा दिवस आधी जुन्या मालकाला किंवा प्रॉपर्टी मॅनेजरला लेखी विचारा, ‘सामान बांधलेल्या अवस्थेत एकदा घर बघून घ्याल का? काही दुरुस्ती दिसली तर आम्ही आताच करून देतो.’ भाडं वेळेवर भरणाऱ्या भाडेकरूला बहुतेक मॅनेजर नाही म्हणत नाहीत. त्या भेटीत जे निघेल त्याची यादी त्यांच्याकडून ई-मेलवर घ्या, कामं संपवून फोटो पाठवा, मग ट्रान्सफर फॉर्म पुढे करा. काही जण तेवढ्यावर पूर्ण रकमेची सही देतात. काही जण थोडी रक्कम मागे ठेवून उरलेल्यावर देतात. दुसरा पर्यायही वाईट नाही.

दुसरा, नव्या एजंटकडून लेखी मुदत. जुन्या मालकाचा ‘भाडं थकलेलं नाही, अमुक तारखेला अंतिम इन्स्पेक्शन आहे, त्यानंतर ट्रान्सफरला माझी हरकत नाही’ असा ई-मेल मिळाला तर तो नव्या एजंटला दाखवा आणि वरचे १,०८० व आगाऊ भाडं लगेच भरायची तयारी दाखवा. काही खाजगी मालक याला राजी होतात. मोठ्या प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपन्यांमध्ये नियम ठरलेले असतात, तिथे फार आशा ठेवू नका.

तिसरा, दोन भाड्यांचा आठवडा. नवं घर आधी घेऊन जुनं सावकाश रिकामं करायचं. सामान हलवायला हे सोयीचं, पण जुन्या घराचे ६३० डॉलर सरळ खर्ची पडतात. बॉन्ड अडकला तर परत येतो, हे ६३० परत येत नाहीत. आणि बॉन्डचा प्रश्न यात सुटत नाहीच, फक्त धावपळ कमी होते. दोन्ही घरं एकाच मालकाची किंवा एकाच एजन्सीकडची असतील तर मात्र वरचं काहीच लागत नाही. एकाच टेबलावर सगळं होतं.

तारखा ठरवताना नोटिशीचा हिशेब विसरू नका. अ‍ॅग्रीमेंट पीरिऑडिक (शेवटची तारीख न ठरवलेलं) असेल तर भाडेकरूला २१ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते (३० जानेवारी २०२५ पूर्वी ती २८ दिवसांची होती). ठरावीक मुदतीचं अ‍ॅग्रीमेंट असेल तर नोटीस देऊन मधूनच बाहेर पडता येत नाही. मुदत संपण्याच्या ९० ते २१ दिवस आधी ‘पुढे राहणार नाही’ असं कळवावं लागतं, नाहीतर ते आपोआप पीरिऑडिक होतं. मुदतीच्या मध्येच जायचं असेल तर मालकाशी समझोता करा किंवा आपल्या जागी दुसरा भाडेकरू देण्याची परवानगी मागा. तशी मागणी विचारात घेणं मालकाला भाग आहे.

आता मित्राचा मुद्दा, कारण तुमच्या प्रश्नातली नाजूक गोष्ट हीच आहे. बॉन्ड तिघांच्या नावावर एकत्र आहे. कुणी किती भरले हा तिघांमधला हिशेब. मालकाच्या लेखी तिघंही पूर्ण रकमेला आणि पूर्ण नुकसानीला जबाबदार. तिघंही घर सोडत असाल तर टेनन्सी, म्हणजे भाडेकरार, संपते, मग १,६८० वळते आणि ८४० मित्राच्या खात्यात परत, अशी विभागणी सगळ्यांच्या सहीने करता येते. मित्र त्याच घरात राहणार असेल तर गोष्ट बदलते. तेव्हा टेनन्सी संपलेलीच नसते आणि मालक बॉन्ड सोडण्याचं कारण नाही. अशा वेळी ट्रान्सफर नव्हे तर भाडेकरू बदलाचा फॉर्म भरायचा. तुमची नावं कमी होतात, नवीन येणाऱ्यांची चढतात, बॉन्ड जागेवरच राहतो आणि तुमचे १,६८० तुम्हाला राहणाऱ्या किंवा नव्याने येणाऱ्या माणसाकडून थेट घ्यावे लागतात. ते पैसे हातात पडेपर्यंत फॉर्मवर सही करू नका. मैत्री आपल्या जागी, पण नाव उतरल्यावर त्या बॉन्डवर तुमचा हक्क उरत नाही.

मित्राची सही आजच कशी मिळेल तेही बघा. तो दुसऱ्या शहरात किंवा सुट्टीवर भारतात गेला की एका सहीसाठी सगळं लटकतं.

फॉर्म भरताना काय चुकतं? सगळ्यात जास्त नावं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव लग्नानंतर बदललेलं किंवा न बदललेलं, पासपोर्टवर एक क्रम आणि अ‍ॅग्रीमेंटवर दुसरा. बॉन्ड जमा करताना जसं नाव लिहिलं होतं तसंच फॉर्मवर लिहा आणि सहीही तशीच करा. नोंदीतल्या सहीशी जुळली नाही तर चौकशीसाठी फॉर्म थांबतो. लग्नाने किंवा इतर कारणाने नाव बदललं असेल तर आधी नोंद दुरुस्त करून घ्या, मग ट्रान्सफर. हीच गोष्ट मोबाईल नंबर आणि ई-मेलची. तीन वर्षांपूर्वीचा नंबर नोंदीत असेल तर खातरजमेचा मेसेज तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी चूक मालकाच्या नावाची. घर मध्ये विकलं गेलं किंवा मालकाने एजन्सी बदलली, पण बॉन्डच्या नोंदीत जुनाच मालक राहिला, असं होतं. त्या बदलाचा फॉर्म वेगळा आहे आणि तो मालकांनी भरायचा असतो. तुम्ही महिनाभर आधी विचारलंत तर ते आरामात होतं, शेवटच्या दिवशी विचारलंत तर होत नाही.

तिसरी चूक आकड्यांची. जुन्या बॉन्डमधली वळती होणारी रक्कम, परत येणारी रक्कम आणि मालकाला काही द्यायचं असल्यास ती रक्कम, या तिन्हींची बेरीज जुन्या बॉन्डइतकीच यायला हवी. तुमच्या बाबतीत १,६८० अधिक ८४०, बरोबर २,५२०. नवं घर स्वस्त असेल तरी लक्ष ठेवा. ५६० डॉलरच्या घराला जास्तीत जास्त २,२४० बॉन्ड लागतो. २,५२० चा पूर्ण बॉन्ड तिकडे नेला तर २८० जास्त होतात. ते तुम्हाला परत यायला हवेत, ‘राहू दे पुढच्यासाठी’ असं चालत नाही.

सह्या झालेला फॉर्म नव्या मालकाकडूनच टेनन्सी सर्व्हिसेसकडे जाऊ द्या, म्हणजे वरचे १,०८० आणि ट्रान्सफर यांची एकत्र नोंद होते. त्या १,०८० ची वेगळी पावती मागून घ्या. आणि एक गोष्ट कितीही घाई असली तरी करू नका: रकमेची जागा कोरी ठेवून फॉर्मवर सही. ‘तुम्ही सही करून जा, इन्स्पेक्शननंतर आम्ही आकडा भरू’ असं कुणी गोड बोलून सांगितलं तरी नाही म्हणा.

आता जुना मालक सही का अडवतो ते बघू. पहिलं कारण भाडं. शेवटचे दोन आठवडे ‘बॉन्डमधून कापून घ्या’ म्हणायची आपल्याकडची सवय इथे चालत नाही. भाडं शेवटच्या दिवसापर्यंत भरायचंच असतं, आणि थकलेलं एक दिवसाचं भाडंही ट्रान्सफर रोखायला पुरतं. एजन्सीकडून भाड्याचा पूर्ण तपशील मागवा. शेवटच्या अर्धवट आठवड्याची रक्कम, आठवड्याचं भाडं सातने भागून आणि राहिलेल्या दिवसांनी गुणून, त्यांच्याशी पक्की करा.

दुसरं कारण ऑकलंडमध्ये हमखास निघतं ते पाणी. मीटर असलेल्या घरात वापराचा आकार भाडेकरूने द्यायचा असतो, स्थिर आकार मालकाचा. सांडपाण्याचा वापरावर मोजलेला भागही भाडेकरूचाच. बिल तुम्ही गेल्यावर येतं आणि ‘शेवटचं पाणी बिल येऊ दे’ म्हणत मालक महिनाभर सही लांबवतो. यावर उपाय सोपा आहे. निघायच्या दिवशी मीटरचं झाकण उघडा (ते बहुधा फुटपाथजवळच्या गवतात असतं, आत माती आणि कोळी), आकडा आणि मीटर नंबर एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. मागच्या बिलातल्या आकड्यापासून आजपर्यंत किती किलोलीटर झाले ते काढा, मागच्या बिलाचाच दर लावा आणि तेवढे पैसे मालकाला तिथल्या तिथे भरून टाका. बाकी काही अडलेलं नसेल तर सही मिळते.

तिसरं कारण सफाई आणि नुकसान. कायद्याची अपेक्षा घर ‘वाजवी स्वच्छ आणि नीटनेटकं’ असण्याची आहे. गालिचा व्यावसायिकांकडूनच धुऊन घ्या अशी सक्ती मालक करू शकत नाही, अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिली असली तरी. नेहमीच्या वापराने झालेली झीज तुमच्या माथी मारता येत नाही: सोफ्याखाली दबलेला गालिचा, उन्हाने फिकट झालेले पडदे. निष्काळजीपणाने नुकसान झालं तरी प्रत्येक घटनेमागे तुमची जबाबदारी चार आठवड्यांचं भाडं किंवा मालकाच्या विम्यातला एक्सेस (दाव्यातला मालकाने स्वतः सोसायचा भाग), यातलं जे कमी असेल तेवढीच. मुद्दाम केलेल्या नुकसानीला ही मर्यादा नाही.

आपल्या घरांत नेमकं काय अडतं ते वेगळं सांगायला हवं. रेंजहूडची, म्हणजे स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी. रोजच्या फोडणीचं तेल तिच्यावर बसून चिकट पिवळा थर होतो आणि इन्स्पेक्शनला आलेला माणूस हात पहिल्यांदा तिथेच लावतो. जाळी काढून सिंकमध्ये कडकडीत गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड सोप जरा सढळ घालून अर्धा तास बुडवा आणि ब्रशने घासा. एकदा पुरत नाही, पाणी बदलून पुन्हा करा. जाळीच्या वरचा भाग आणि शेजारच्या कपाटाची कड पुसायला लोक विसरतात. ओट्यावरच्या हळदीच्या डागाला खायच्या सोड्याचा लगदा लावून ठेवा. खिडकीजवळचा ओटा असेल तर पडदा उघडा ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. म्हणूनच हे काम शेवटच्या रात्री नाही, आठवडाभर आधी सुरू करायचं. देवघर जिथे होतं तिथली भिंत आणि वरचं छत नीट बघा. समई-उदबत्तीची काजळी रोज बघून डोळ्यांना दिसेनाशी होते, रिकाम्या खोलीत मात्र काळा पट्टा उठून दिसतो. आधी कोरड्या फडक्याने हलकेच झटका, मग सौम्य साबणपाण्याने पुसा. सुरुवातीलाच ओलं फडकं फिरवलं तर काजळी पसरते. बाथरूमच्या छतावरची बुरशी, ओव्हनचे ट्रे, गराजचा रिमोट आणि टपालपेटीची किल्ली ही उरलेली नेहमीची ठिकाणं. घरात आलात तेव्हाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट समोर ठेवून खोली-खोलीने फोटो काढा, त्याच कोनातून.

आणि तरीही मालकाने म्हटलं की पडद्याच्या पट्ट्या तुटल्यात, दोनशे डॉलर लागतील, तर? सगळा बॉन्ड त्या दोनशेपायी अडकवू देऊ नका. ज्यावर वाद नाही तेवढी रक्कम सोडायला सांगा, वादातली रक्कम टेनन्सी सर्व्हिसेसकडेच राहू द्या आणि मध्यस्थीसाठी किंवा टेनन्सी ट्रिब्यूनलकडे (भाड्याचे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) अर्ज करा. दोनशे मान्य असतील तर देऊन मोकळं होणं शहाणपणाचं, पण बिल किंवा कोटेशन मागूनच.

कुत्रा-मांजर असेल तर १ डिसेंबर २०२५ पासून मालक दोन आठवड्यांच्या भाड्यापर्यंत वेगळा पेट बॉन्ड घेऊ शकतो. नव्या घराचा हिशेब करताना तो धरा. देश सोडून भारतात परत जात असाल तर ट्रान्सफरचा प्रश्नच नाही, पण रिफंड जमा होईपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नका. सिडनी-मेलबर्नच्या लोकांनी यातलं काही जसंच्या तसं लावू नये. ऑस्ट्रेलियात बॉन्डचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

नव्या घरात गेल्यावर टेनन्सी सर्व्हिसेसचा खात्रीचा ई-मेल येईल. त्यात तुम्हा दोघांची नावं, नवा पत्ता आणि २,७६० हा पूर्ण आकडा आहे का बघा. नुसते १,६८० दिसले तर वरचे १,०८० अजून मालकाकडेच आहेत. पैसे दिल्यापासून कामकाजाचे २३ दिवस मोजा, आणि ते उलटले तर पावती हाताशी ठेवून आधी मालकाला लेखी विचारा, मग टेनन्सी सर्व्हिसेसला फोन करा.